टूरवर पोट सांभाळायचं कसं: तिकीट काढण्यापासून घरी परत येईपर्यंत, क्रमाने

आमच्या सर्व्हिस टीममध्ये दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी टूरवर आडवा पडतोच. मशीन बसवायला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या रूममध्ये पोट धरून बसलेला आणि इकडे आम्ही क्लायंटच्या फोनला उत्तरं देतोय. प्रत्येक वेळी कारण एकच सांगतात, "बाहेरचं खाल्लं ना." पण बाहेरचं तर आम्ही सगळेच खातो. मी पॅकिंग मशीनच्या सर्व्हिसमध्ये आहे, महिन्याचे बारा-पंधरा दिवस पुण्याबाहेर, कधी बद्दी, कधी राजकोट, कधी होसूर. इतक्या वर्षांत मला दिसलेली गोष्ट अशी की पोट बहुतेक वेळा बिघडतं ते भूक लागल्यावर घाईत घेतलेल्या निर्णयाने. सात तास काही खाल्लेलं नसतं, समोर जे येतं ते आपण ओढतो, तेव्हा वास बघायचं भान राहत नाही आणि वाफ येतेय का तेही बघत नाही. म्हणून खाली जे लिहिलंय त्यातलं अर्ध्याहून जास्त काम भूक लागायच्या आधीच करायचं आहे. क्रम पाळा, कारण लोक चुकतात ते क्रमातच.

१. तिकीट काढतानाच जेवणाच्या वेळा मांडा

तिकीट बुक करताना आपण सुटायची वेळ, पोचायची वेळ आणि भाडं बघतो. त्याच वेळी एक कागद घ्या नाहीतर मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा की या प्रवासात किती जेवणं येतायत आणि प्रत्येक जेवणाच्या वेळी मी कुठे असणार. रात्री साडेनऊची बस असेल तर जेवण घरून करून निघायचं की हॉल्टवर, हे आत्ताच ठरवा. माझं उत्तर कायम घरून.

ट्रेनचं सांगतो. राजधानी, शताब्दी, वंदे भारत या गाड्यांमध्ये बुकिंग करताना जेवण हवं की नको हे विचारतात, तो पर्याय लोक न वाचता पुढे जातात आणि मग गाडीत भांडत बसतात. साध्या मेल-एक्सप्रेसला आयआरसीटीसीचं ई-कॅटरिंग आहे, पीएनआर टाकला की वाटेतल्या स्टेशनवरून सीटवर जेवण येतं. यात चूक काय होते, तर लोक शेवटच्या क्षणी ऑर्डर टाकतात किंवा रात्री साडेदहाला येणारं स्टेशन निवडतात. गाडी दोन तास लेट झाली की जेवण साडेबाराला. म्हणून आपल्या जेवणाच्या वेळेच्या जरा आधी येणारं स्टेशन निवडा.

विमान परदेशी असेल तर स्पेशल मीलचा कोड नीट बघा, इथे आपली माणसं फार फसतात. शाकाहारी म्हणून 'व्हीजीएमएल' निवडतात आणि समोर येतं व्हीगन जेवण, दही नाही, पनीर नाही, बऱ्याचदा नुसत्या उकडलेल्या भाज्या. आपल्याला हवं असतं 'एव्हीएमएल', म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी. 'व्हीएलएमएल'मध्ये अंडं असू शकतं. जैन जेवण 'व्हीजेएमएल'. हे साधारण २४ तास आधी सांगावं लागतं, विमानात बसल्यावर काही होत नाही.

*तपासा: कागदावर प्रत्येक जेवणासमोर जागा लिहिलेली आहे का? एक जरी ओळ रिकामी असेल तर त्या जेवणासाठी पिशवीतलं काहीतरी धरून चला.*

२. आदल्या रात्री पिशवी भरा

हा टप्पा मी सविस्तर लिहितोय, कारण इथली चूक दुसऱ्या दिवशी दुपारी दिसते आणि तेव्हा काही करता येत नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे गरम पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळणं. मी पण सुरुवातीला हेच करायचो. सकाळी सातला तव्यावरची पोळी, सव्वासातला फॉइलमध्ये, आणि दुपारी दोनला उघडली तर आतून फॉइलला पाण्याचे थेंब, खालच्या दोन पोळ्या ओल्या लिबलिबीत, एकमेकीला चिकटलेल्या आणि आंबूस वास. आई त्या दिवशी फोनवर म्हणाली, "अरे, जाळीवर पसरून गार होऊ दे की आधी, वाफ कोंडली की पोळी घाम सोडते, मग ती टिकेल कशी?" तेव्हापासून पोळ्या जाळीवर पूर्ण गार करायच्या, मग सुती कापडात गुंडाळायच्या आणि मग डब्यात. थालीपीठ, धपाटे, ठेपला सगळ्यालाच हे लागू. दोन दिवसांचा प्रवास असेल तर दशमी करा, पाण्याऐवजी दुधात भिजवलेली पोळी किंवा भाकरी मऊ राहते, आपल्या घरांत ही पद्धत प्रवासासाठीच होती.

बरोबर काय न्यायचं? शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, तिळाची चटणी चालते. ओल्या खोबऱ्याची अजिबात नको, उन्हाळ्यात चार तासांत तार सुटते. बटाट्याची भाजी नेलीत तर त्याच दिवशी दुपारी संपवा, रात्रीसाठी ठेवू नका. आणि डब्यात हात घालून खायचं आणि उरलेलं परत झाकून ठेवायचं हे बंद करा, जेवणागणिक वेगळी पुडी बांधा म्हणजे एक उघडली तरी बाकीच्या तशाच राहतात.

माझ्या पिशवीत कायम असणाऱ्या गोष्टी या:

- रव्याचं उपमा मिक्स. बारीक रवा खमंग भाजायचा, तेलात मोहरी, जिरं, उडदाची डाळ, कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत फोडणीला, त्यात सुकी मिरची, मीठ, थोडी साखर, आणि सगळं पूर्ण गार करून डब्यात. हॉटेलात एक वाटी मिक्सला साधारण दोन वाट्या उकळतं पाणी घालून आठ मिनिटं घट्ट झाकून ठेवायचं. कढीपत्ता ओला राहिला तर मिक्सला वास येतो, तेवढं बघा.
- मेतकूट, छोटी बाटली तूप, आणि गूळ. कुठेही साधा गरम भात मिळाला की रात्रीचं जेवण झालं.
- भडंग, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या. हे संध्याकाळी पाच ते सात या वेळेसाठी. त्या दोन तासांत साइटवर सगळे समोसे मागवतात.
- ओआरएसची चार पाकिटं, आपला चमचा, छोटी वाटी, रुंद तोंडाचा स्टीलचा फ्लास्क.

ओआरएसबद्दल दोन शब्द. दुकानात मागताना पावडरचं पाकीट मागा आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते वाचा. टेट्रापॅकमधली गोड पेयं बरेच दिवस ओआरएस या नावाने विकली जात होती, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. आणि पाकीट एक लिटरचं आहे की २०० मिलीचं तेही आत्ताच बघून ठेवा. मोठं पाकीट साधारण २१ ग्रॅमचं असतं, ते पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायचं. आमच्यातला एकजण ते एका ग्लासात टाकून प्यायला आणि त्याचा त्रास वाढला, कारण इतकं गाढ पाणी शरीरातलं पाणी उलट आतड्यात खेचून घेतं.

*सावध: विमानाने जात असाल तर सुकं खोबरं चेक-इन बॅगेत टाकू नका, त्यात तेल असतं म्हणून बॅग बाजूला काढतात. उलट तूप, लोणचं असल्या तेलकट-पातळ वस्तू हँडबॅगेत नकोत, त्या नीट सील करून चेक-इनमध्ये.*

३. निघायच्या दिवशी रिकाम्या पोटी घराबाहेर पडू नका

सकाळी सहाचं विमान म्हणजे साडेतीनला घर सोडायचं, त्या वेळी कोणाला भूक नसते हे मान्य. पण एक केळं नाहीतर चार चमचे दूध-पोहे तरी पोटात जाऊ द्या. नाहीतर होतं असं की एअरपोर्टवर कडक कॉफी, विमानात परत कॉफी, उतरल्यावर क्लायंटकडे चहा, आणि पहिला घास अकरा वाजता, तोही तळलेला. तोपर्यंत छातीत जळजळ सुरू झालेली असते आणि आपण म्हणतो तिकडचा समोसा बाधला.

एअरपोर्टवर खायचंच असेल तर कोलकाता, चेन्नई अशा काही विमानतळांवर 'उडान यात्री कॅफे' सुरू झालेत, पहिला कोलकात्याला डिसेंबर २०२४ मध्ये झाला, तिथे चहा १० रुपयांना सुरू केला होता. महागड्या काउंटरवर तासाभरापूर्वी बनवून ठेवलेलं सँडविच घेण्यापेक्षा तिथे एक चकर मारा. मेयोनीज घातलेली सँडविचं मी काचेच्या कपाटातून कधीच घेत नाही, कपाट खरंच गार आहे का हे बाहेरून कळत नाही.

४. रस्त्यावर थांबलात की आधी दोन मिनिटं बघा

माझी सगळ्यात वाईट रात्र इथली आहे. अहमदाबादहून इंदूरला स्लीपर बसने निघालो होतो, दुपारी नीट जेवलो नव्हतो, पावणेबाराला बस एका ढाब्यावर थांबली. भूक एवढी लागलेली की बसलो आणि पनीर, भात मागवला. तीन मिनिटांत आलं. तेव्हाच कळायला हवं होतं, कारण तीन मिनिटांत पनीरची भाजी होत नाही. भात मधे कोमट आणि कडेने गार होता, पण मी खाल्ला. पहाटे तीनच्या सुमारास पोटात पीळ पडायला लागला, मग उलटी, बसला टॉयलेट नाही, ड्रायव्हरला दोनदा गाडी थांबवायला लावली. सकाळी नऊला क्लायंटकडे मशीन सुरू करून द्यायचं होतं, मी अकराला पोचलो ते उभं राहता येत नव्हतं अशा अवस्थेत. त्यांची लाइन एक दिवस बंद राहिली.

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. शिजवलेला भात बाहेर तसाच राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढतात, त्यांचे बीजाणू शिजवतानाही मरत नाहीत, आणि त्यांनी एकदा विष सोडलं की भात परत गरम करून उपयोग नसतो. एक ते सहा तासांत उलट्या. म्हणजे "गरम करून दिलाय" हे ऐकून समाधान मानायचं नाही, तो कधी शिजवलाय हे महत्त्वाचं. शिजवलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर तापलेलं हवं नाहीतर ५ अंशांच्या खाली गार, मधल्या तापमानात दोन तासांच्या वर राहिलं की धोका.

आता करायचं काय:

बसमधून उतरल्यावर टेबलावर बसू नका. आधी हात धुवायला जा, म्हणजे किचनच्या बाजूने जाणं होतं, आणि बघा की तवा किंवा तंदूर चालू आहे का. चालू असेल तर तव्यावरचं मागवा: पोळी, पराठा, डोशासारखं जे तुमच्या डोळ्यासमोर होतंय ते. सोबत डाळ, तीही उकळी येऊन वाफ दिसेल अशी. "डाळ उबालके दो" असं स्पष्ट सांगा, राग कोणी मानत नाही. भात, पनीरची ग्रेव्ही, कापून ठेवलेला कांदा-काकडी, हिरवी चटणी, रायता हे रात्री दहानंतर हायवेवर नको. बस जिथे थांबते तो ढाबा ड्रायव्हरच्या सोयीचा असतो, तिथे गर्दी आहे म्हणजे जेवण चांगलं आहे असं नाही, कारण त्या गर्दीला दुसरा पर्याय नसतो. त्यापेक्षा जिथे ट्रकवाले आपणहून थांबतात तिथे माल खपतो आणि ताजा असतो.

काहीच पटलं नाही तर केळी घ्या. भुसावळ, जळगावच्या बाजूने ट्रेन जाते तेव्हा मी आवर्जून घेतो. साल आपल्या हाताने काढायची असते, आत कोणाचा हात लागलेला नसतो. कापलेली पपई, कलिंगडाच्या फोडी हे बघायला छान, पण सुरी आणि पाणी कुठलं ते माहीत नाही.

*तपासा: पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडताना खालची कडी तुटल्याचा टक आवाज आला का? आणि नाव नीट वाचा, स्टँडवर ओळखीच्या ब्रँडसारखी दिसणारी, एखादं अक्षर बदललेली बाटली मिळते.*

५. हॉटेलात पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं

बॅग टाकून आडवं व्हायच्या आधी रिसेप्शनला तीन गोष्टी विचारून घ्या: किचनची शेवटची ऑर्डर किती वाजता, नाश्ता किती वाजता सुरू होतो, आणि त्यांचा स्टाफ स्वतः कुठे जेवतो. तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. "चांगलं हॉटेल सांगा" म्हटलं की ते महागडं नाव सांगतात, "तुम्ही कुठे जेवता" म्हटलं की शेजारच्या गल्लीतली मेस कळते.

मग किटली. रूममधल्या किटलीत आधीच्या माणसाने काय केलंय ते आपल्याला माहीत नसतं, लोक त्यात नूडल्स शिजवतात, दूध तापवतात, अंडी उकडतात. झाकण उघडून वास घ्या, तळाला हात फिरवा, चिकट लागली तर बदलून मागा. एकदा पूर्ण पाणी उकळून ओतून द्या, मग वापरा. आणि तुम्हीही त्यात फक्त पाणीच उकळा, उपमा मिक्स वाटीत नाहीतर फ्लास्कमध्ये करायचं.

सकाळच्या बफेला वेळ महत्त्वाची. साडेसातला गेलात तर इडलीला वाफ असते, साडेनऊला गेलात तर तीच इडली दोन तास कोमट ट्रेमध्ये पडलेली. मी क्रम असा ठेवतो की आधी समोर करून मिळतं ते, ऑम्लेट किंवा डोसा, मग गरम इडली-सांबार, आणि खोबऱ्याची चटणी फक्त बफे सुरू झाल्या झाल्या. दहाला उरलेली पांढरी चटणी ताटात घेऊ नका, त्या एका चमच्याने दिवस गेलेले मी पाहिलेत. पैसे भरलेत म्हणून सगळं थोडं थोडं घेणं हीसुद्धा चूकच. पुढे दहा तास उभं राहून काम करायचंय.

६. क्लायंटच्या गावचं जेवण: पहिल्या दिवशी अर्धं

नवीन गावात पहिल्या दिवशी तिथलं जेवण जेवा, पण निम्मं. तेल बदलतं, पाणी बदलतं, तिखट बदलतं, पोटाला एक दिवस द्या. आंध्रात पहिल्याच दुपारी आवकाय लोणचं भाताबरोबर कालवून खाऊ नका, ते फार सुंदर लागतं म्हणूनच सांगतोय, तिसऱ्या दिवशी खा.

गावोगावच्या काही गोष्टी माहीत असल्या की गडबड होत नाही. तामिळनाडूत दुपारचं 'मील्स' साधारण साडेअकरा ते तीनपर्यंतच, साइटवरून साडेतीनला निघालात तर फक्त टिफिन मिळेल, म्हणजे डोसा, इडली, वडा. तिथे शाकाहारी हवं असेल तर पाटीवर किंवा बोलण्यात 'सैवम' हा शब्द शोधा. मील्समध्ये रस्सम-भात आणि शेवटी ताक, त्याला मोर म्हणतात, हे पोटाला अगदी हलकं. केरळात टेबलावर फिकट गुलाबी कोमट पाणी आणून ठेवतात, आपली माणसं ते घाण समजून बाजूला सारतात आणि नळाचं गार पाणी मागतात. ते पतिमुगम नावाच्या लाकडाचा तुकडा टाकून उकळलेलं पाणी असतं, खरं तर तेच प्यावं.

बंगालमध्ये शाकाहारी म्हणून भागत नाही, 'निरामिष' म्हणा आणि मासा नको हे वेगळं सांगा. कोलकात्यात आणि आसामकडे 'मारवाडी बासा' विचारा, साधी पोळी-भाजी-डाळ मिळणाऱ्या मेसला तिकडे तसं म्हणतात, मला गुवाहाटीत एका पावसाळ्यात आठ दिवस त्याच जेवणाने तारलं. जमशेदपूरकडे सत्तू, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, मिळतो, पाण्यात कालवून कांदा-लिंबू घालून देतात, पोटभरीचा असतो, पण गाडीवरच्या पाण्याऐवजी पावडर विकत घेऊन आपल्या बाटलीतल्या पाण्यात कालवा. गुजरातेत डाळ गोड लागते म्हणून लोक ती सोडून फरसाणावर जेवतात आणि रात्री पित्त घेऊन बसतात. डाळ-भात खा, छास प्या. पंजाब-हिमाचलकडे जेवणाबरोबर मोठा ग्लास लस्सी देतात, दुपारी मशीन उघडायचं असेल तर ती संध्याकाळवर ढकला, झोप येते आणि हात मंदावतात.

आग्रह हा वेगळाच विषय. राजकोटला एक वयस्क मालक स्वतः वाढायला उभे राहतात, "अरे साहेब, बस एक" म्हणत ताटात टाकतात. नाही म्हटलं की त्यांना खरंच वाईट वाटतं. मी हे शिकलोय की पहिल्या वाढणीलाच कमी घ्यायचं, म्हणजे दुसऱ्यांदा घ्यायला जागा राहते, त्यांचंही मन राहतं. आणि काही आजार असेल, डायबेटिस वगैरे, तर लाजू नका, जेवायला बसायच्या आधी सांगा. ताटात वाढल्यावर सांगितलं तर दोघांची पंचाईत.

७. परदेशी जाताना डबा परत एकदा उघडून बघा

थोडक्यात लिहितो, पण हे फार गंभीर आहे. दुबईला किंवा सिंगापूरला जाताना खसखस नेऊ नका, तिथे ती अंमली पदार्थांच्या कायद्यात बसते आणि तुरुंगापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. आता विचार करा की दिवाळीनंतर टूर आहे, घरचे प्रेमाने फराळ बांधून देतात, त्यात अनारसे असतात आणि अनारशाला खालून खसखस लावलेली असते. करंजीच्या सारणात पण असते. मसाल्यात पण असते. आमच्या ओळखीत एकाच्या बायकोने ऐनवेळी विचारलं, "अहो, अनारसे चालतात ना तिकडे?" आणि डबा घरीच राहिला. खायची पानंसुद्धा अमिरातीत चालत नाहीत.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला उतरताना खायचं जे काही असेल ते फॉर्मवर लिहा, लाडूसुद्धा. लिहिलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड. जपानमध्ये भाजीचं सूप दिसलं तरी त्यात बहुतेक वेळा दाशी, म्हणजे माशाचं पाणी, असतो, थायलंडमध्ये फिश सॉस. तिथल्या लिपीत "मी मांस, मासे, माशाचं पाणी खात नाही" असं वाक्य मोबाइलवर लिहून ठेवा आणि तेच वेटरला दाखवा, इंग्रजीत समजावण्याच्या भानगडीत पडू नका.

८. एवढं करूनही पोट बिघडलंच तर

क्रम पाळा. लोक पहिल्यांदा जुलाब थांबवायची गोळी घेतात, मग अँटिबायोटिक, आणि पाणी सगळ्यात शेवटी. पाणी आधी.

पहिलं काम, ओआरएस बनवा आणि घोटघोट घ्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, परत एकेक चमचा सुरू करा. गटागट पिऊ नका, लगेच बाहेर येतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटाने वरचा ढीग काढून, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. बनवलेलं पाणी २४ तासांत संपवा नाहीतर फेकून नवीन करा.

दुसरं काम, ऑफिसला आणि क्लायंटला लगेच कळवा. आपण दुपारपर्यंत बरे होऊ या आशेवर गप्प राहतो आणि दोन्हीकडचा दिवस जातो. मी इंदूरला हेच केलं, पहाटे चारला मेसेज टाकला असता तर दुसरा माणूस दुपारपर्यंत पोचला असता.

तिसरं काम, भूक लागली की मऊ भात, ताक, केळं, मुगाची खिचडी. दक्षिणेत दहीभात कुठेही मिळतो. एक दिवस तळलेलं आणि खूप गोड बंद.

जुलाब थांबवायची गोळी ताप असताना किंवा शौचातून रक्त पडत असताना घेऊ नका. बसमध्ये बसायचंय म्हणून ती गिळणारे आमच्यात बरेच आहेत. अँटिबायोटिक मित्राच्या सांगण्यावरून तर नकोच.

*डॉक्टरकडे लगेच जा: शौचात रक्त, जोरदार ताप, काहीच पोटात टिकत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, उभं राहिलं की चक्कर किंवा गुंगी. डायबेटिस, बीपी, किडनीच्या गोळ्या चालू असतील तर एवढं व्हायची वाट न बघता आपल्या डॉक्टरांना फोन करा, कारण शरीरातलं पाणी कमी झाल्यावर काही गोळ्या थांबवाव्या लागतात. ते डॉक्टरांनीच सांगायचं.*

९. बिल फाडू नका

ढाब्याचं बिल मी त्या रात्री घेतलंच नव्हतं, त्यामुळे तक्रार करायला हातात काही नव्हतं. १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर छापणं बंधनकारक आहे. बिलाचा आणि ताटाचा एकेक फोटो काढायची सवय लावा, दहा सेकंद लागतात, तोच फोटो खर्चाच्या क्लेमलाही चालतो. खराब निघालं तर एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार टाकता येते, ट्रेनमधलं असेल तर १३९ किंवा रेल मदद, आणि गाडीत असतानाच करा, म्हणजे पुढच्या स्टेशनवर कोणीतरी येऊन बघतं. सर्व्हिस चार्ज न विचारता लावला असेल तर काढायला सांगा, तो देणं आपल्या मर्जीवर आहे.

१०. घरी आल्यावर

टूर संपली की आपण घरच्या मटणावर तुटून पडतो. त्या रात्री नको. चार दिवस पोटाने बरंच सोसलेलं असतं, पहिल्या रात्री वरण-भात, मेतकूट, साधं तूप. मटण दुसऱ्या दिवशी दुपारी करा, चवीनं खाता येतं.

आणि पिशवी त्याच रात्री उघडा. ओला डबा बंद राहिला तर रबराच्या रिंगखाली बुरशी धरते आणि पुढच्या वेळच्या पोळ्यांना तोच वास लागतो. रिंग काढून वेगळी धुवा, फ्लास्क झाकण उघडं ठेवून उलटा वाळत घाला, उरलेल्या उपमा मिक्सचा वास घेऊन बघा, खवट असेल तर टाका. मग ओआरएसची पाकिटं मोजा, वापरलेली भरून चार करा, तारीख बघा आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला लावून ठेवा.